पस मॉथचा ऑटोपायलट दर वेळी भरूचजवळच का सुटतो: निदान आणि दुरुस्ती

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पस मॉथ हे जुनं छोटं विमान घेऊन अहमदाबादहून जुहूकडे निघायचं. दोन हजार फुटांवर विमान सरळ करायचं, ट्रिम लावायची (म्हणजे हात न लावताही नाक त्याच कोनात राहील असं करायचं) आणि कीबोर्डवरचं झेड दाबून ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू करायचा. साबरमती मागे पडते, उजव्या हाताला खंभातचं आखात दिसू लागतं, सगळं सुरळीत असतं. मग नर्मदेचं रुंद पात्र समोर येतं आणि उजवं पंख हळूच खाली जायला लागतं. कसला आवाज नाही, कसली सूचना नाही. माझं लक्ष जाईपर्यंत विमान आखाताकडे वळलेलं, नाक खाली गेलेलं, उंची बाराशेवर आलेली. पुन्हा झेड दाबावं तर ऑटोपायलट लागतच नाही.

असं सलग सहा वेळा झालं आणि सहाही वेळा भरूचच्या आसपास. तुमची जागा वेगळी असेल, विमान वेगळं असेल, पण दुखणं हेच असेल तर कारण आधीच सांगून टाकते. विमानाची बॅटरी संपते. जुन्या विमानांच्या मॉडेलमध्ये बहुतेकदा जनरेटर नसतो, आपण वरून बसवलेला ऑटोपायलट मात्र विजेवर चालतो. तासाभराच्या आत बॅटरीचं व्होल्टेज त्याला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या खाली जातं आणि तो गप्प सुटतो. दुरुस्ती एक-दोन ओळींची आहे. ती केल्यावर मात्र आणखी तीन-चार दुखणी वर आली, आणि त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच निघालं: जुन्या विमानाला नव्या विमानाचा ऑटोपायलट जसाच्या तसा चिकटवणं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझ्याकडे फ्लाइट सिम्युलेटर एक्स आहे, २००६ सालचा. संगणक जुना आहे, त्यावर हा नीट चालतो. विमान डी हॅव्हिलंड पस मॉथ, एका हौशी माणसाने बनवून मोफत दिलेलं मॉडेल. हेच विमान का, तर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले, ते पस मॉथमधूनच. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेलं ते त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. मी पार्ल्यात राहते. जुहूचं विमानतळ घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. १९२८ सालचं, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. लहानपणापासून कुंपणाबाहेर उभं राहून तिथली हेलिकॉप्टरं बघत आले. त्या धावपट्टीवर १९३२ च्या मार्गाने एकदा तरी नीट उतरायचं, एवढंच मनात होतं.

कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४०. माझं मॉडेल ९० नॉटच्या (ताशी साधारण १६७ किलोमीटरच्या) आसपास रमतं, म्हणजे नुसता दुसरा टप्पाच दोन तास चाळीस मिनिटांचा. जेआरडींनी सगळा मार्ग हाताने उडवला. मी ऑफिसातून सात वाजता घरी येते, कुकर लावलेला असतो, दाराची बेल वाजत असते. एवढा वेळ जॉयस्टिकवर हात ठेवून बसणं जमत नाही. म्हणून सिम्युलेटरमधल्या सेस्ना १७२ या आधुनिक छोट्या विमानाच्या एअरक्राफ्ट डॉट सीएफजी फाइलमधला (विमानाचे सगळे आकडे याच फाइलमध्ये असतात) ऑटोपायलटचा अख्खा विभाग उचलला आणि पस मॉथच्या फाइलमध्ये डकवला. बहुतेक जण असंच करतात, आणि पहिल्या उड्डाणात ते चालतंही. म्हणूनच पुढे काय बिघडलं ते शोधायला इतका वेळ लागतो.

आधी मी जागेवर संशय घेतला. भरूचजवळ जमिनीच्या डेटामध्ये काही खोट असेल, कुठला तरी जुना सीनरीचा तुकडा आड येत असेल. गुजरातची सगळी ॲड-ऑन सीनरी बंद करून पाहिली. मग जॉयस्टिक बदलला. मग विमान काढून पुन्हा टाकलं. तीन रविवार यात गेले.

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. विमानांच्या उपकरणांच्या दुरुस्तीत अख्खी नोकरी करून निवृत्त झालेत. एका संध्याकाळी चहाचा पेला घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले. मी नकाशावर सहा फुल्या मारलेल्या होत्या, त्या दाखवल्या.

"अगं, नकाशा कशाला बघतेस? घड्याळ बघ. निघाल्यापासून किती मिनिटांनी सुटतो, ते लिहून ठेव."

पुढच्या तीन उड्डाणांत लिहिलं. ५५ मिनिटं, ५६ मिनिटं, ५४ मिनिटं. त्यातल्या एका दिवशी समोरून वारा होता, तेव्हा नर्मदा दिसायच्या आधीच सुटला. मग मुद्दाम बडोद्याहून निघाले, तर भरूच आरामात पार झालं आणि नवसारीला सुटला. म्हणजे भरूचचा काही दोष नव्हता. मी दर वेळी त्याच ठिकाणाहून, त्याच वेगाने निघत होते, म्हणून तितक्याच मिनिटांत तिथेच पोचत होते.

काकांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "घड्याळ लावल्यासारखं बिघडतं ना, तिथे कुठला तरी साठा संपत असतो. इंधन, तेल, नाहीतर वीज. इंधन तर दिसतंय टाकीत. आता या विमानात वीज कुठून येते ते शोध."

पॅनेलवर अमीटर, म्हणजे बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे ते दाखवणारा काटा, नव्हताच. सेस्नाचा अमीटर उचलून पस मॉथच्या पॅनेलवर एका कोपऱ्यात तात्पुरता बसवला. इंजिन सुरू, थ्रॉटल पूर्ण, आणि काटा मधल्या रेषेच्या डावीकडे, डिस्चार्जच्या बाजूला टेकलेला. जमिनीवरही तिथेच, हवेतही तिथेच. इंजिन कितीही फिरवलं तरी काटा उजवीकडे येईना. तो काटा बघितला आणि तीन रविवारांचं उत्तर मिळालं.

आता फाइल उघडा. सिमऑब्जेक्ट्स, त्यात एअरप्लेन्स, त्यात तुमच्या विमानाचा फोल्डर, त्यात एअरक्राफ्ट डॉट सीएफजी. आधी या फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवा. हे टाळू नका. पुढे मी जी नावं देवनागरीत लिहिते ती फाइलमध्ये रोमन लिपीत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असलेली दिसतील. 'इलेक्ट्रिकल' या विभागात माझ्याकडे असं होतं: मॅक्स बॅटरी व्होल्टेज २४, मॅक्स जनरेटर अल्टरनेटर अँप्स ०. आणि सेस्नाकडून आलेली एक ओळ, 'ऑटोपायलट = ०, ५, १७.०'.

या ओळीतले तीन आकडे समजून घ्या, अर्धं निदान त्यातच आहे. पहिला आकडा बसचा, म्हणजे वीज कुठल्या तारेवरून घ्यायची त्याचा: ० म्हणजे मुख्य बस, १ म्हणजे एव्हिऑनिक्स (रेडिओ वगैरे उपकरणांची) बस, २ म्हणजे बॅटरी बस. दुसरा आकडा जास्तीत जास्त किती अँपिअर ओढायचे त्याचा. तिसरा किमान व्होल्टेजचा. बॅटरी १७ व्होल्टच्या खाली गेली की ऑटोपायलटचं सर्किट बंद पडतं. जनरेटर शून्य, म्हणजे बॅटरी भरणारं कोणी नाही. २४ वरून १७ वर यायला माझ्या मॉडेलमध्ये पंचावन्न मिनिटं लागत होती.

इथेच दुसरी एक तक्रार सुटते, जी बऱ्याच जणांची असते: 'सगळं बरोबर लिहिलंय, तरी ऑटोपायलट पहिल्यापासून लागतच नाही.' तुमच्या विमानाची बॅटरी १२ व्होल्टची आहे का ते बघा. जुन्या विमानांच्या मॉडेलमध्ये ती पुष्कळदा १२ चीच असते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १७ व्होल्ट मागणारा ऑटोपायलट कधीच जागा होणार नाही. तिसरा आकडा ९ किंवा १० करा.

बॅटरी संपण्यावर उपाय तीन आहेत. किमान व्होल्टेज खाली आणणं हा पहिला. त्याने दुखणं फक्त पुढे ढकललं जातं. भरूचऐवजी डहाणूला सुटेल, एवढंच. दुसरा म्हणजे त्याच विभागात 'इलेक्ट्रिक ऑलवेज अव्हेलेबल = १' असं लिहिणं. याने बॅटरी असो-नसो, वीज कायम मिळते. तपासणीसाठी हा सगळ्यात चांगला: ही ओळ टाकून उड्डाण करा, ऑटोपायलट टिकला तर निदान पक्कं झालं. पण मग विमानात वीज संपणं ही गोष्टच उरत नाही आणि ते मला पटत नाही.

मी तिसरा ठेवला: जनरेटरचे अँपिअर ० वरून १५ केले आणि जनरेटरचं व्होल्टेज २८. त्या काळातल्या काही विमानांवर रेडिओसाठी किंवा दिव्यांसाठी वाऱ्यावर फिरणारा छोटा जनरेटर बाहेरून बसवलेला असे, म्हणून १५ अँपिअर काळाशी फार विसंगत वाटत नाही. ४०-६० टाकू नका, तेवढी गरजच नाही. बदल केल्यावर शिफ्ट आणि एम दाबून मास्टर स्विच (विजेचा मुख्य स्विच) चालू आहे याची खात्री करा. जुन्या पॅनेलवर तो स्विच दिसत नाही, त्यामुळे तो बंद राहून गेल्याचं कळत नाही. इंजिन सुरू झाल्यावर अमीटरचा काटा मध्याच्या उजवीकडे आला पाहिजे. आला की झालं.

फाइलमध्ये बदल करूनही सिम्युलेटरमध्ये काहीच फरक पडत नसेल तर दोन गोष्टी बघा. पहिली: फाइलमध्ये ऑटोपायलट नावाचे दोन विभाग झालेत का? मॉडेल बनवणाऱ्याने वर कुठेतरी 'ऑटोपायलट अव्हेलेबल = ०' असा एका ओळीचा विभाग लिहून ठेवलेला असतो, आपण नवा विभाग तळाशी डकवतो. सिम्युलेटर पहिला विभाग वाचतो आणि तिथेच थांबतो. आपला खालचा विभाग त्याच्या दृष्टीने नाहीच. इलेक्ट्रिकलच्या बाबतीतही हेच. जुना विभाग शोधून त्यातच बदल करा. दुसरी गोष्ट नोटपॅडची: प्रोग्राम फाइल्समध्ये थेट सेव्ह करायला विंडोज परवानगी देत नाही, मग आपण 'सेव्ह ॲज' करतो आणि फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट टीएक्सटी लागतं, जे दिसतही नाही. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आणि प्रत्येक बदलानंतर सिम्युलेटरमध्ये एकदा दुसरं विमान निवडून मग परत आपलं निवडा, म्हणजे फाइल नव्याने वाचली जाते.

वीज मिळाल्यावर माझं पस मॉथ भरूच पार करून गेलं, सुरत पार करून गेलं, आणि मग दुसरं दुखणं नीट दिसलं. ते आधीही होतं, पण सुटण्याच्या भानगडीत माझं त्याकडे लक्ष नव्हतं. दोन हजार फूट धरून ठेव म्हटलं तर विमान २१५० ला जायचं, मग १८५० ला, मग पुन्हा वर. पाळण्यासारखं. दर झोक्याला थोडं जास्त. एकदा तर वर जाताना वेग ५० नॉटच्या खाली आला आणि स्टॉल होऊन, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचलच जाऊन, विमान थेट पाण्याकडे.

याचं कारण कळायला मला जुना ऑटोपायलट म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्यावं लागलं, आणि या सगळ्या प्रकरणातला हाच भाग मला सगळ्यात आवडला. ऑटोपायलट ही काही जेट विमानांच्या काळातली गोष्ट नाही. लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन वैमानिक-संशोधकाने १९१४ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ प्रात्यक्षिक दाखवलं होतं: मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर गेला, स्पेरींनी हात वर केले आणि विमान सरळ राहिलं. १९३३ मध्ये अमेरिकन वैमानिक वायली पोस्ट एकटे जगाची प्रदक्षिणा करून आले, पावणेआठ दिवसांत, तेही स्पेरी ऑटोपायलटच्या भरवशावर. डकोटामध्ये, म्हणजे डीसी-३ मध्येही, त्याच जातीचा ऑटोपायलट होता. त्यात जायरो (वेगाने फिरून दिशा-कल धरून ठेवणारी चाकं) फिरायचे ते व्हॅक्यूमवर, आणि पंख-शेपटीच्या नियंत्रणांना ढकलायचं ते तेलाच्या दाबाने. त्याचं काम एवढंच: तुम्ही विमान ज्या स्थितीत ठेवलंय, ती स्थिती टिकवायची. पंख सरळ, नाक आहे तिथे, दिशा आहे ती. अमुक उंचीला जा आणि तिथेच थांब, हे काम त्याच्याकडे नव्हतं. उंची सांभाळायची ती वैमानिकाने, मधूनमधून नॉब किंचित फिरवून. दिशेचा जायरोही हळूहळू सरकायचा, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी ताडून तो पुन्हा लावावा लागायचा.

सेस्नाकडून उचललेला विभाग मात्र उंची पकडणाऱ्या यंत्राचा. त्यात 'डिफॉल्ट व्हर्टिकल स्पीड = ७००' असं होतं. माझं मॉडेल पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला पाचशे फूट कसंबसं चढतं. १२० अश्वशक्तीचं इंजिन आहे. ऑटोपायलटला त्याचं काय? त्याला सातशे सांगितलेत, तो सातशे मिळवण्यासाठी नाक वर करत राहतो, वेग किती उरलाय हे तो बघत नाही. स्टॉल होण्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलट नाक वर-खाली करतो ते इलेव्हेटरच्या (शेपटीवरच्या आडव्या फळीच्या) ट्रिमने. जुन्या विमानाच्या मॉडेलमध्ये ट्रिम एकतर फार कमी दिलेली असते किंवा नसतेच. 'एअरप्लेन जिऑमेट्री' विभागात 'इलेव्हेटर ट्रिम लिमिट' शून्य असेल तर ऑटोपायलटला धरायला हातच नाही. उंची धरण्याचा दिवा लागेल आणि विमान आपल्या मर्जीने जाईल. उलट 'फ्लाइट ट्यूनिंग' मधली 'इलेव्हेटर ट्रिम इफेक्टिव्हनेस' जास्त असेल तर हात फार जोराचा, मग झोके. माझ्याकडे ती १.८ होती. १.० वर आणली आणि निम्मे झोके तिथेच थांबले.

उरलेले झोके ऑटोपायलटच्या विभागात थांबले. माझे आकडे देते, तुमच्या विमानाला थोडे मागेपुढे करावे लागतील. डिफॉल्ट व्हर्टिकल स्पीड ७०० वरून ३००. मॅक्स पिच (पिच म्हणजे नाकाचा वर-खाली कोन) १० वरून ५. कमी उंचीवरचा मॅक्स पिच व्हेलॉसिटी २ वरून १. मॅक्स बँक (बँक म्हणजे पंखांचा एका बाजूला कल) २५ वरून १५, आणि मॅक्स बँक व्हेलॉसिटी ३ वरून १.५. एका वेळी एकच आकडा बदला आणि दहा मिनिटं उडवून बघा. पाच आकडे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. माझे दोन दिवस त्यात गेले.

आणि आता जे मी खरोखर सुचवेन ते: उंची धरण्याचा नाद सोडा. 'डिफॉल्ट बँक मोड = १' आणि 'डिफॉल्ट पिच मोड = १' असं लिहा. मग झेड दाबलं की फक्त दोन कामं होतात, पंख सरळ आणि नाक आहे त्या कोनात. आधी हाताने विमान नीट ट्रिम करा, उंची आणि वेग दोन मिनिटं स्थिर राहू द्या, मगच झेड दाबा. चढतं-उतरतं विमान त्याच्या हाती दिलं तर तो ते तसंच चढतं-उतरतं ठेवेल. इंधन जळून विमान हलकं होतं तसं ते हळूहळू वर सरकतं. अर्ध्या तासात शंभर-दीडशे फूट. थ्रॉटल नखभर मागे घेतला की झालं. कुकरच्या शिट्ट्या मोजून परत यायला एवढं पुरतं, आणि पस मॉथमध्ये हे शोभतं. या पद्धतीने विमान डुलत नाही, स्टॉल होत नाही. मी ही पद्धत धरल्यापासून दोन हजारांचं उद्दिष्ट कधी चुकलं नाही, कारण उंचीवर लक्ष मी स्वतः ठेवते.

दिशा धरण्याबद्दल एक तक्रार नेहमी येते: 'कंट्रोल-एच दाबलं की विमान गर्रकन उत्तरेला वळतं.' ते बिघाडाने होत नाही. हेडिंग बग (दिशादर्शकावरची, कुठल्या दिशेला जायचं ते सांगणारी खूण) शून्यावर आहे आणि ऑटोपायलट हुकूम पाळतो आहे. जुन्या पॅनेलवर बग फिरवायचं बटणच नसतं, म्हणून तो शून्यावरच राहतो. पॅनेल डॉट सीएफजी मध्ये एक वेगळी खिडकी करा आणि तिच्यात सेस्नाचा दिशादर्शक ठेवा. शिफ्ट आणि खिडकीचा आकडा दाबून ती उघडते, बग लावला की बंद करता येते. मुख्य पॅनेलवर ते आधुनिक गेज कायमचं चिकटवू नका. १९३० सालच्या डायलांमध्ये ते डोळ्यांना खुपतं. रिॲलिझमच्या सेटिंगमध्ये जायरो ड्रिफ्ट (दिशेचा जायरो सरकणं) चालू असेल तर दर दहा मिनिटांनी डी दाबा, दिशादर्शक होकायंत्राशी जुळतो. एकच पंख सारखं जड वाटत असेल तर ऑटोपायलटकडे जाण्याआधी इंधनाचा सिलेक्टर बघा. एकाच बाजूची टाकी वापरली जात असेल तर दुसरी बाजू जड होणारच.

जॉयस्टिकचं थोडक्यात. ऑटोपायलट चालू असतानाही जॉयस्टिकची किंचित थरथर विमानापर्यंत पोचते. माझा जॉयस्टिक लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, सात-आठ वर्षांचा. मुंबईच्या पावसाळ्यात आतले पोटेन्शिओमीटर दमट होतात आणि हात न लावताही आकडे उड्या मारतात. सेटिंगमध्ये नल झोन (मधली जागा, जिथली हालचाल मोजली जात नाही) थोडा वाढवा. त्याने भागलं नाही तर तिथेच मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, रात्रभर सुकू द्या.

मुंबई जवळ आल्यावरच डोलणं सुरू होत असेल तर फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात ते) बघा. वसईच्या पुढे इमारती दाटतात, माझ्या संगणकावर फ्रेम पंधराच्या खाली जातात आणि ऑटोपायलटच्या सुधारणा उशिरा-उशिरा पोचतात. ऑटोजेन (सिम्युलेटरने आपोआप मांडलेल्या इमारती-झाडं) एक पायरी कमी केलं की थांबतं. वेळ वाचवायला सिम्युलेशनचा वेग आठ पट केला तरी हेच होतं. दोन पटीच्या पुढे मी जात नाही. आणि खरं हवामान लावून जुलैमध्ये उडवत असाल तर ढगात विमान हलणारच, ते दुरुस्त करत बसू नका. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलाने भरायचं, म्हणून त्या सुरुवातीच्या वर्षांत टपालाचं विमान पावसाळ्यात पुण्याला उतरायचं.

ज्यांच्याकडे २०२० चा सिम्युलेटर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथे ऑटोपायलट आणि वीज दोन्ही सिस्टिम्स डॉट सीएफजी मध्ये असतात, आणि प्रत्येक सर्किटची ओळ वेगळी. मूळ फोल्डरला हात लावू नका. विमानाची प्रत कम्युनिटी फोल्डरमध्ये ठेवून तिच्यात बदल करा, आणि बदलानंतर लेआउट डॉट जेसन (फोल्डरमधल्या फाइलींची यादी) नव्याने बनवा. मार्केटप्लेसवरून विकत घेतलेली विमानं बहुतेक कुलूपबंद असतात, त्यांच्या फाइल उघडत नाहीत. विचार मात्र तोच: आधी वीज, मग ट्रिम, मग आकडे.

आता उतरताना. ऑटोपायलट काढण्याआधी ट्रिमचा दर्शक बघा. तासभरात त्याने ट्रिम कुठे नेऊन ठेवली असेल ते तुम्हाला माहीत नसतं, आणि झेड दाबताच नाक एकदम उसळतं किंवा पडतं. मी हे वसईच्या खाडीवर करते, तेव्हा खाली जागा असते आणि हातात वेळ असतो. एक हात जॉयस्टिकवर हलकासा धरून झेड, मग ट्रिम दोन-तीन टिचक्या, विमान हातात बसलं की किनाऱ्याने खाली. गोराई, मढ, वर्सोवा. समुद्रावरून वारा असेल तर जुहूला थोडं पूर्वेकडे सरकून धावपट्टी २६ ला, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, यावं लागतं, म्हणजे पार्ल्याच्या छपरांवरून, आमच्या गच्चीवरून. परवा रात्री तसंच आले. अहमदाबादपासून दोन तास बेचाळीस मिनिटं, अमीटरचा काटा शेवटपर्यंत उजवीकडे. काकांना खाली जाऊन वेळ सांगितली. त्यांनी पहिलं विचारलं, बॅटरी किती होती उतरताना. चोवीस होती.